सरांचं दुसरं पत्र

सर पोस्टकार्ड वाचत नसत. पोस्टमनने टेबलावर ठेवलेलं कार्ड ते चिमटीत धरून, मजकुराची बाजू खाली करून, त्यालाच परत करत. "हे तू वाचलं, तुह्या हापिसानं वाचलं. आता मी वाचून काय करू? तूच उत्तर देऊन टाक." पोस्टमन बिचारा दुसऱ्या दिवशी तेच कार्ड दाराच्या फटीतून आत सरकवून पळून जाई. पाकीट आलं तर मात्र सरांचा चेहरा खुले. ते पाकीट उजेडात धरत, कडेला बोट फिरवत, नाकाशी नेऊन हुंगत. वाफेवर उघडलेल्या डिंकाचा वास वेगळा येतो म्हणे. मी त्यांच्याकडे तीन वर्षं काढली, मला तो वास एकदाही आला नाही.

पांढरकवड्याला हैदराबाद रोडवर त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत वकिलीचं ऑफिस. दिवसभर बाहेरून ट्रक जात आणि काचेचं कपाट थरथरत राही. आठवड्यातून दोन दिवस ते एसटीने यवतमाळला जाऊन लॉ कॉलेजात पुराव्याचा कायदा शिकवत. मी तिथली त्यांची विद्यार्थिनी, पुढे ज्युनियर. माझे बाबा तहसील कचेरीत कारकून. मुलगी वकिलाच्या ऑफिसात बसते याचा त्यांना केवढा अभिमान होता.

सरांना बंद करण्याचं वेड होतं. कपाट बंद केलं की कुलपावर कागदाची पट्टी, पट्टीवर सही. साखरेच्या डब्यावरसुद्धा एकदा पट्टी दिसली, तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, डबाच त्यांच्या टेबलावर आणून आदळला होता. "घ्या, पहारा द्या!" परीक्षेचे गुण ते बोर्डावर लावत नसत. प्रत्येकाला त्याचं त्याचं पाकीट, त्यावर लाल लाखेची मोहोर. मोहोरेचा पितळी शिक्का त्यांच्या वडिलांचा होता. मेणबत्तीवर लाख धरून ती पाकिटावर ठिपकताना सरांची जीभ लहान मुलासारखी ओठांबाहेर यायची. आम्ही पोरं बाहेर जाऊन त्याची नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचो.

हसू ओसरायचं ते दुसऱ्या एका कारणाने. आमच्याकडे स्थळ आलं की चौकशीला माणसं निघतात. मास्तरांना विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, पानठेल्यावरही विचारतात. सरांचे विद्यार्थी लग्नाचे झाले की मुलीकडचे लोक सरांच्या ओट्यावर येऊन बसत. बाकी लोक चहा पाजून "पोरगा सोन्यासारखा आहे जी" म्हणून मोकळे होत. सर तोंडी एक अक्षर बोलत नसत. "लिहून देतो. घरी जाऊन उघडजा. फक्त बापानं वाचायचं." आणि लिहीत. त्यातली काही लग्नं झाली. तीन मोडली. काय लिहिलं होतं ते कधीच कुणाला कळलं नाही. वाचणारा बापही सांगेना, जणू त्याचंही तोंड लाखेने बंद केलं होतं. ज्याचं लग्न मोडलं तो एक मुलगा भर कोर्टाच्या आवारात सरांच्या अंगावर धावून आला. "काय लिहिलं होतं माह्याबद्दल? सांगा!" सर छत्री टेकून शांत उभे राहिले. म्हणाले, "तुले ठाऊक हाय ते." तो मुलगा जागीच थांबला आणि मग खाली मान घालून निघून गेला.

त्या दिवसापासून मला सरांची भीती वाटू लागली. त्यांनी मला कधी शब्दाने दुखवलं नव्हतं. पण माझ्याबद्दल त्यांना काय ठाऊक आहे, हा विचार एकदा डोक्यात शिरला की जाईना.

तेव्हा ठाऊक असण्यासारखं काही नव्हतं. ते नंतर झालं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मुंबई-दिल्लीच्या चॅनेलांच्या गाड्या हायवेवर थांबून आम्हाला गावांचे रस्ते विचारायच्या, आणि संध्याकाळी परत जाताना ढाब्यावर जेवायच्या. कोर्टात बाररूममध्ये दुसरा विषय नसे. सरांकडे केळापूरजवळच्या एका गावचे अकरा शेतकरी आले. कपाशी कमरेएवढी वाढली होती, पण बोंडंच धरली नव्हती. बियाणं खराब होतं म्हणून यवतमाळच्या ग्राहक मंचात तक्रार करायची होती. त्यांच्यातर्फे बोलणारे महादेवभाऊ, उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी बिलं दिली आणि एक पोतं माझ्यासमोर ठेवलं. पोत्यात बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, प्रत्येकीवर लॉट नंबराची चिठ्ठी. "जपून ठेवजा बाई. अंगणात पडल्या होत्या, पोरायनं खेळाले घेतल्या होत्या. हिसकून आणल्या." मी पोतं बाकाखाली सरकवलं. फायलीत नोंद करायची ती "नंतर करू" म्हणून राहिली.

दिवाळी आली. काकूंनी घर झाडायला काढलं, मी ऑफिस काढलं. जुने पेपर, फुटक्या फायली, मोडका पंखा, सगळं दारात काढून भंगारवाल्याला बोलावलं. त्यात ते पोतंही गेलं. कसं गेलं, मला आजही सांगता येत नाही. हात कामाला लागले होते, एवढंच. उलट ऑफिस किती लख्ख केलं म्हणून काकूंनी मला चकल्यांचा डबा भरून दिला होता.

दिवाळीनंतर सरांनी विचारलं, "त्या पिशव्या काढ. यादी करून मंचात दाखल करायच्या हायेत."

बाकाखाली काही नव्हतं. भंगारवाल्याकडे धावत जायचं, पाय धरायचे, नागपूरच्या गोदामापर्यंत माग काढायचा, हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी तोंडातून आलं ते असं: "सर, उंदरांनी कुरतडल्या होत्या. चिंध्या झाल्या होत्या. फेकाव्या लागल्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मग म्हणाले, "मले सांगाचं होतं ना." आणि कोर्टात गेले. येताना बाजारातून उंदराचा पिंजरा घेऊन आले.

त्या पिंजऱ्याने माझं रक्त आटवलं. रोज सकाळी सर त्यात भज्याचा तुकडा अडकवत आणि बाकाखाली, जिथे पोतं होतं बरोबर तिथेच, ठेवत. रोज संध्याकाळी वाकून पाहत. पिंजरा रिकामा. "आजही नाही सापडला," असं म्हणत. मला वाटे, हे मला ऐकवतायत. यांना सगळं कळलंय आणि हे रोज मला पिंजऱ्यात घालून पाहतायत. एकदा मी ठरवलं होतं की कुठून तरी एक उंदीर पैदा करून त्यात सोडावा. हसू नका, मी खरंच तशी चौकशी केली होती.

यात सहा महिने गेले. आणि मला शिकायला बाहेर जायची हुक्की आली.

एका मैत्रिणीने अमेरिकेतल्या एका लॉ स्कूलचा फॉर्म मिळवून दिला. स्कॉलरशिपही होती. दोन शिफारसपत्रं लागणार होती. आपल्याकडे शिफारसपत्राची रीत कशी, ते सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले तर ते म्हणाले, "तूच लिहून आण बेटा, चांगलं झणझणीत लिही. मी सही ठोकतो." मी लिहिलं. स्वतःला मी असामान्य बुद्धीची म्हटलं, अत्यंत प्रामाणिकही म्हटलं. प्राचार्यांनी न वाचता सही केली.

दुसरं पत्र सरांचं हवं होतं, कारण मी त्यांची ज्युनियर. मी भीत भीत मसुदा पुढे केला. सरांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"हे काय हाय?"

"पत्र सर. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"आरोपीच निकाल लिहून राह्यला काय?"

मग त्यांनी फॉर्म घेतला आणि चष्मा सरकवून ओळ न् ओळ वाचला. एके ठिकाणी थबकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाकीट आल्यावर येई तसा आनंद पसरला. तिथे अर्जदारासाठी एक चौकट होती. हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडते, किंवा सोडत नाही. दोन्हींपैकी एकावर खूण करून सही करायची. मी ती कोरी ठेवली होती.

"हे लोक शहाणे हायेत," सर म्हणाले. "आपल्या इथं कोनाले सुचलं नाही हे. पोरी, ही जागा कोरी काहून?"

"राहून गेली."

"कोऱ्या जागेत लोक वाट्टेल ते भरतात. भर."

मी पेन घेतलं. सोडत नाही, असं लिहिलं तर सर विचारणार, तुला भीती कशाची आहे? आणि सोडते असं लिहिलं तर ते माझ्याबद्दल जे लिहितील ते मला या जन्मी दिसणार नाही. मी खूण केली. सोडते. ती सही माझ्या इतर कुठल्याच सहीशी जुळत नाही. सरांनी दोन दिवसांनी पत्र लिहिलं. दार लावून, मेणबत्ती पेटवून. नेहमीप्रमाणे स्वतः पोस्टात जाऊन टाकून आले.

मी आजारी पडल्यासारखी झाले. जेवण जाईना. आई म्हणे दृष्ट लागली, बाबा म्हणत परदेशाचं टेन्शन आहे. मी सारखी ते पत्र मनात लिहून पाहायची. हुशार आहे, पण खोटं सफाईने बोलते. तिच्या हातात पुरावा देऊ नये. पानभर काय काय! त्या कोर्टातल्या मुलाचा खाली गेलेला चेहरा मला आठवे.

त्यातच मंचाचा निकाल आला. तक्रार फेटाळली. शेतात पेरलेलं बियाणं त्याच खराब लॉटचं होतं, हे सिद्ध झालं नाही. महादेवभाऊ एकटेच ऑफिसात आले. सर कोर्टात होते. भाऊ बाकावर बसले, पिंजऱ्याकडे पाय करून. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, पिशव्या तं तुमच्या हाती देल्त्या ना आम्ही?"

"हो भाऊ."

"मंग गावात काय सांगू? वकिलाच्या घरी उंदरं हायेत म्हणू?"

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि "येतो" म्हणून गेले. अजूनही कुणी पाणी मागितलं की मला ते बाकावरचे भाऊ दिसतात.

सर आल्या आल्या मी सांगून टाकलं. उभ्यानेच. पोतं मी भंगारात विकलं, उंदीर नव्हते, खोटं बोलले. हे सांगण्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला ते आत ठेवणं जमेना, एवढंच.

सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला सगळं उमगलं. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. सात महिने ते खरोखरच उंदीर पकडत होते. जगातल्या प्रत्येक पाकिटाचा वास घेणाऱ्या या माणसाने माझा शब्द मात्र कधी हुंगून पाहिला नव्हता.

"म्या मंचात शपथपत्र देल्लं पोरी," ते म्हणाले. "उंदरायनं नाश केला म्हणून. शपथेवर."

"सर..."

"चूप बस."

मग त्यांनी कागद ओढला. "दोन कामं हायेत. एक, अपील. त्यात मी नवीन शपथपत्र देतो, पुरावा माह्याच ऑफिसातून गेला, माह्या गलतीनं. दुसरं, तुह्या कॉलेजाले म्या जे लिहिलं ते आता खरं राह्यलं नाही. दुरुस्ती पाठवा लागते."

"माझं नाव सांगा ना सर अपिलात."

"ऑफिस माह्यं हाय," ते म्हणाले. पुढे त्यांनी ते शपथपत्र दिलं, आणि त्यानंतर कित्येक पक्षकार त्यांच्याकडून कागद उचलून दुसऱ्या वकिलांकडे गेले. त्याबद्दल त्यांनी मला कधी ऐकवलं नाही.

सकाळपर्यंत दुसरं पत्र तयार झालं. इंग्रजीत, दोन पानं. घडी, पाकीट, लाख, शिक्का. आणि मग जे कधीच घडलं नव्हतं ते घडलं. त्यांनी ते पाकीट माझ्यापुढे धरलं. "मले आज तारीख हाय. तू यवतमाळले चाललीस ना? मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टानं टाकजो. पावती आणजो."

मी पाकीट घेतलं. एसटीत खिडकीशी बसले. वाटेत बियाण्याच्या दुकानांसमोर बैलगाड्यांची रांग होती आणि बस तिथे अर्धा तास रखडली. ते पाकीट माझ्या मांडीवर होतं. कडक, जड, लाल डाग वर. त्यात माझं मरण होतं, याबद्दल मला शंका नव्हती. मी ते पर्समध्ये ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, "कोनाचं पत्र व्हय माय?" मी म्हटलं, माझंच.

यवतमाळच्या स्टँडवर महिलांच्या प्रतीक्षालयात मी ते फोडलं. लाख तडकली, तुकडे पदरावर सांडले.

आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पत्राचा अर्थ असा होता: माझ्या आधीच्या पत्रासोबत हे वाचावं. माझ्या या ज्युनियरच्या हातून एक महत्त्वाचा पुरावा नष्ट झाला, आणि तिने तो प्रकार सात महिने लपवला. मग कुणी विचारलं नसताना, गमावण्यासारखं सगळं समोर असताना, तिने स्वतः येऊन मला सांगितलं. तीस वर्षं मी ज्युनियर घडवतो आहे. असं करणारी ही पहिली. तिच्या भीतीचा मला अंदाज आहे, म्हणून तिच्या धैर्याची किंमत मला कळते. याच कारणाने हे पत्र मी तिच्याच हाती देऊन पोस्टात पाठवतो आहे. तिच्या हाती काहीही निःशंकपणे सोपवावं.

मी ते तीन वेळा वाचलं. आजूबाजूला बायका पोरांना केळी भरवत होत्या. माझ्याबद्दल याहून चांगलं कुणी लिहिलं नव्हतं, पुढेही कुणी लिहिलं नाही, आणि ते फोडलेलं पाकीट हातात घेऊन मी बसले होते. फुटलेल्या मोहोरेचं पत्र पाठवता येत नाही. पाठवलं तर फुटलेली मोहोरच त्या ओळी खोट्या पाडणार. सरांकडे परत नेऊन "पुन्हा बंद करून द्या" म्हणायचं? दुपारपर्यंत मी तिथेच होते. एकदा तर मी पांढरकवड्याच्या बसमध्ये चढलेही, पण ती सुटायच्या आत उतरले. आदल्याच दिवशी मी धीट झाले होते. तो धीर एकाच दिवसाचा होता.

मी समोरच्या दुकानातून नवं पाकीट घेतलं. त्यात माझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घातली, वर तोच पत्ता लिहिला आणि स्पीड पोस्टने पाठवलं. पावती घेतली. सरांनी ती पावती फायलीत चिकटवली आणि त्यावर सही केली.

प्रवेश मिळाला. सरांच्या पहिल्या पत्रावर मिळाला. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही, विचारायचा हक्क मी सहीने सोडला आहे. मी गेले, शिकले, परत आले, नागपुरात शिकवू लागले. तिकडे असताना कॉलेजच्या ऑफिसातून बोलावणं आलं की मी दारापाशी रेंगाळत असे. वाटे, सरांनी पोच मागवली असेल आणि कुणीतरी म्हणेल, तुमच्या पत्राऐवजी गुणपत्रिका निघाली. तसं कुणी म्हटलं नाही. सरांनी कधी विचारलं नाही. उलट मी सुटीवर भेटायला गेले की आलेल्या-गेलेल्याला ते माझी ओळख करून देत: "हिले कायबी सोपवा. बिनघोर." मी चपला घालून लवकर निघायची.

शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आपलं मृत्युपत्र माझ्या हाती दिलं. लाखेने बंद. दोन पुतण्यांमध्ये घरावरून कुरबुर होती, म्हणून ते घरात ठेवायचं नव्हतं. मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. आठ महिने ते पाकीट माझ्या कपाटात होतं आणि मी त्या कपाटाकडे पाठ करून झोपत होते. या वेळी मी ते फोडलं नाही, एवढं तरी लिहू द्या.

तेराव्यानंतर मी ते पांढरकवड्याला घेऊन गेले. पुढच्या खोलीत दोन्ही पुतणे, त्यांच्या बायका, दोन वकील बसले होते. काकूंनी पाकीट घेतलं, मोहोर सगळ्यांना दाखवली. थोरला पुतण्या कुरकुरला, की परक्या बाईकडे ठेवलं होतं, मधे कुणी उघडलं नसेल कशावरून.

काकूंचा आवाज चढला. "तिच्याबद्दल बोलू नका. तिच्या विरोधातलं पत्र यायनं तिच्याच हाती देल्लं होतं पोस्टात टाकाले. जशाच्या तसं नेऊन टाकलं तिनं. पावती हाय फायलीत. मरेपर्यंत सांगत होते ते." आणि माझ्याकडे वळल्या. "सांग ना वो यायले. टाकलं होतं ना तू?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हो काकू," मी म्हणाले.